आईचा रकाना

नागपूर,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय इंदूमावशी,
सप्रेम जयभीम.

तुझं ऑगस्टचं पत्र अजून माझ्या टेबलावर आहे. उत्तराला दोन महिने लागले, आणि त्याला सांगण्यासारखं कारण नाही. पाऊस सरता सरता आमच्या शाळेत बारावीच्या मुलांचे परदेशी विद्यापीठांचे अर्ज सुरू होतात, मग मी माझी राहत नाही. तू दर वेळी विचारतेस, शिकवत नाहीस तर शाळेत करतेस काय? तर ऐक. आमच्या वसतिगृहात दहा-बारा देशांतली मुलं राहतात. कोणी टांझानियाचा, कोणी भूतानचा, कोणी दुबईत वाढलेला आपलाच गांधीबागेतला. बारावीनंतर कुठे जायचं, कोण घेईल, अर्जात स्वतःबद्दल काय लिहायचं, हे माझ्या खोलीत बसून ठरतं. मुलं येतात, रडतात, लिहितात आणि उन्हाळ्यात निघून जातात. पुढे कधीतरी बर्फातला एखादा फोटो पाठवतात.

आता काम. थिरी नावाची मुलगी आहे, म्यानमारची. आपण ब्रह्मदेश म्हणायचो तिथली. तिचे मामा भिक्खू आहेत, त्यांच्या ओळखीने एका ट्रस्टने तिला इथे दहावीत घातलं. वडील नाहीत, आईही नाही. गावाकडे लढाई चालू आहे, त्यामुळे सुट्टीत कुठे जात नाही. दिवाळीत मेस पंधरा दिवस बंद असते. दोन वर्षं ती मेसमधल्या गोपिकाताईंच्या घरी राहिली, पण यंदा त्यांच्याकडे लग्न आहे. मला त्याच दिवसांत पुण्याला एका प्रशिक्षणाला जायचं आहे. तुझ्याकडे ठेवशील का? बोलण्याची पंचाईत होईल. तुला ऐकू येत नाही आणि ती फार बोलत नाही. पण तिला हिंदी लिहिता येतं, आणि मराठी समजते.

मला सोडायला येता येणार नाही. बसमध्ये बसवून देईन.

तुझी,
भावना


सावनेर,
१४ ऑक्टोबर २०२४

भावना,
जयभीम वं बाई.

पोरगी पाठव. एवढं विचारायचं कायले?

अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांले शुद्ध लिहाले शिकवलं. आता घरच्या पोरीले लिहितांनी मी शुद्ध लिहिनार नाही, तू चुका काढू नोको.

कानाचं विचारलं होतं तुनं. उजवा आधीच गेला होता, आता डावाबी गेला. मशीन लावली तं नुसता भांड्यांचा आवाज येते. खाणीत धमाका होते तवा कानाले नाही, पायाले समजते. फोन आला का शेजारची पिंकी उचलते आन् मले खुणा करते. मांगच्या वेळी तिच्या खुणांवरून मले वाटलं तू पडली, हात मोडला. ती म्हणे, जेवली का म्हणून विचारून राहिली. म्हणून आपलं पत्रच बरं. पत्र पुन्हा वाचता येते.

पस्तीस किलोमीटरवरून पत्र येते, मानूस येत नाही. दीड वर्ष झालं. रागानं नाही लिहून राहिली.

पोरगी काय खाते तेवढं कळव.

इंदूमावशी


नागपूर,
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,
जयभीम.

थिरी शनिवारी सकाळच्या बसने येईल. सगळं खाते. सुकी मासळी असली तर अजून दोन घास.

एकच सांगायचं आहे. तिच्यापुढे आईचा विषय काढू नकोस. शाळेच्या अर्जात आईच्या नावाच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली होती. दोन वर्षं कोणाला काही बोलली नाही. कॅनडातल्या एका विद्यापीठाची मोठी शिष्यवृत्ती आहे, राहण्या-जेवण्यासकट सगळं त्यांचं. जगभरातून मोजकी मुलं घेतात. त्यासाठी स्वतःबद्दल सहाशे शब्दांचा निबंध लागतो. थिरीने पहिल्यांदा लिहिला तो वसतिगृहामागे लावलेल्या भेंडीवर. नीट होता. पण भेंडीवर कोण शिष्यवृत्ती देणार? मी विचारलं, ‘आई कुठे आहे?’ ती म्हणाली, ‘नहीं है, मॅडम.’ ‘केव्हापासून?’ ‘तेरा साल की थी.’ मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले. 

तेव्हापासून ती रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे येते. मी चहा करते, थोडं थोडं विचारते. ती मान हलवते, मी लिहून घेते. त्यातून निबंध झाला. शेवटाकडचा भाग तुला मराठीत लिहून पाठवते: ‘सकाळी आईचे पाय गार पडले. मी ते दोन्ही हातांनी चोळत राहिले. नर्स म्हणाली, आता पुरे. मला वाटलं, मी थांबले म्हणजे पाय गारच राहतील. म्हणून मी थांबले नाही.’

मुख्याध्यापिकांनी वाचून चष्मा काढला. मावशी, वीस वर्षांत माझ्या हातून असा निबंध गेला नव्हता.

चार नोव्हेंबर शेवटची तारीख आहे. पुण्याहून आले की पाठवून देईन.

तुझी,
भावना


सावनेर,
१ नोव्हेंबर २०२४

भावना,
जयभीम.

पोरगी चांगली आहे. पहिल्या दिवशी आम्ही दोघी मुक्यावानी बसलो. मंग मी फळीवरची जुनी पाटी काढली. मी तोंडानं बोलते, ती पाटीवर लिहिते. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आता तं तिची लेखनी थांबत नाही. पिंकीले नवल वाटते, म्हणे शाळेत ही पोरगी बोलत नसंन आन् इथं पाट्यावर पाट्या भरून राहिली.

संध्याकाळी मी वंदना घेतली तं ती बाजूले येऊन बसली. मले ऐकू येत नाही, पण तिचे ओठ पायले. शब्द तेच होते, आपलेच. मले भरून आलं.

आता खरी गोष्ट. काल झिंग्याची चटणी केली. तिनं दोनदा घेतली. म्हटलं, तुमच्याकडे करतात का वं? तिनं लिहिलं, ‘मां करती है.’ मी मास्तरीन. ‘करती थी’ पायजे होतं, काळ चुकला म्हणून तिच्याकडे पायलं. तिनं लगेच पुसलं. मी म्हटलं, आई आहे का तुले? तिनं लेखनी पुन्हा उचलली. मंग लिहिलं, ‘है. थाईलैंड में, मे सोट में. दूसरे आदमी के साथ चली गई. मैंने सबको बोला, मेरी मां नहीं है.’ त्याच्या खाली लिहिलं, ‘मॅडम को मत बताना.’ आन् पाटी हातानं नाही, पानी लावून पुसली.

मी मान हलवली. म्हंजे कबूल केलं. आन् आता तुले लिहून राहिली. तुनं निबंधाचं कळवलं नसतं तं लिहिलं नसतं. पिंकीजवळ निरोप द्यावा तं पोरीची गोष्ट गावभर होईन. सणाच्या सुट्टीत डाक कधी पोचते, पाहू.

तिले रागवू नोको. खोटं बोलनाऱ्या पोरी मी लय पायल्या. ही तशी नाही.

इंदूमावशी


सावनेर,
८ डिसेंबर २०२४

भावना,

सव्वा महिना झाला, तुझं पत्र नाही. थिरीचं आलं. ‘मावशी चटणी की याद आती है’ असं लिहिलं. तिच्या पत्रात तुझा काही उल्लेख नाही.

माह्यं पत्र तुले मिळालं का नाही? मिळालं असंन आन् मी चुकीचं लिहिलं असंन तं तसं लिही. मले राग येत नाही. न लिहिल्यानं येते.

इंदूमावशी


नागपूर,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं होतं. वेळ झाला नाही, माफ कर. ते थिरीचं मी बघून घेतलं आहे, तू काळजी करू नकोस. अर्जाचं सगळं व्यवस्थित आहे.

इथे थंडी वाढली आहे. क्वार्टरच्या मागच्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून मी ऑफिसातच बसते. सुट्टीत सगळी मुलं गेली की हे आवार फार मोठं वाटतं. तुला गरम बंडी पाठवायची आहे. माप कळव.

तुझी,
भावना


नागपूर,
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

थिरीला शिष्यवृत्ती मिळाली. मंगळवारी सकाळी मेल आला. शाळेने दर्शनी फलकावर तिचं नाव लावलं, गोपिकाताईंनी मेसमध्ये शिरा केला.

आता खरं लिहिते. डिसेंबरात तुला जे लिहिलं ते खोटं होतं. तुझं पत्र मला नऊ नोव्हेंबरला मिळालं. अर्ज चारला गेला होता. त्या दिवशी विद्यापीठाला एक ओळ कळवता आली असती. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि स्वतःला सांगितलं, हजारो मुलांतून हिची निवड थोडीच होणार आहे, मग कशाला? थिरीलाही विचारलं नाही. ती रोज येत राहिली, मी चहा करत राहिले. मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. तेवढ्यावर आमचे तीन महिने बरे गेले.

मंगळवारी संध्याकाळी ती आली. बसली नाही.

‘मॅडम, मैं नहीं जाऊंगी.’

‘का गं?’

‘उस निबंध में मेरी मां मर गई है.’

मी म्हटलं, ‘मला माहीत आहे ते.’

‘कब से?’

‘नोव्हेंबरपासून.’

मला वाटलं होतं तिला शरम वाटेल. तिला राग आला. ‘आपको पता था. रोज मैं यहां बैठी थी. आपने पूछा नहीं.’

मग मीही म्हटलं, ‘तू तरी आधीच का नाही सांगितलंस?’

ती म्हणाली, ‘पहले दिन बोलने वाली थी. लेकिन आप उठ के मेरे पास आके बैठ गईं. इतने साल में कोई ऐसे बैठा नहीं था. मैंने सोचा, मां है बोलूंगी तो आप वापस अपनी कुर्सी पर चली जाओगी.’

मावशी, मी तेव्हा माझ्या खुर्चीतच होते. उठता आलं नाही.

आता काय करू सांग. खरं कळवलं तर शिष्यवृत्ती जाईल. ट्रस्टची मदत बारावीपर्यंतच आहे, आणि तिचं गाव गेल्या वर्षी जळालं. माझी नोकरीही राहणार नाही. नाही कळवलं तर कुणाला कधी कळणार नाही. मामांना इंग्रजी येत नाही, आई ते कधी वाचणार नाही. पोरगी सुखरूप पोहोचेल, शिकेल. आईचं काय, ती कुठे मरणार आहे त्या निबंधाने?

हे वाक्य लिहिलं आणि वाचलं. खोडत नाही, तुला दिसू दे.

भावना


सावनेर,
२८ फेब्रुवारी २०२५

भावना,

तुझं पत्र चारदा वाचलं. मंग पेटीतून तुझं दिवाळीआधीचं पत्र काढलं, ज्याच्यात तुनं निबंधाचा शेवट लिहून पाठवला होता. तवा मी ते वरवर वाचलं. पोरगी यायची होती, मी घर झाडून राहिली होती.

आता नीट वाचलं. पाय गार पडले, चोळत राहिली, नर्स म्हणे पुरे. त्या पोरीची आई तं जित्ती आहे. मंग हे पाय कोनाचे आहेत?

हे मायाचे आहेत. माह्या बहिणीचे, तुझ्या आईचे. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूले उभी होती. तू नऊ वर्षांची होती. नर्सनं तुले उचलून बाहेर नेलं तं तुझी एक चप्पल आतच राहिली, ती मी आनून दिली तुले. चाळीस वर्षं झाले भावना, त्या दिवसाचं एक अक्षर तू माह्यापाशी बोलली नाही. मी वाट पायली. तुझ्या लग्नात वाटलं बोलशीन, अंकुशनं तुले सोडलं तवा वाटलं. नाही बोलली. आन् दुसऱ्याच्या पोरीच्या नावानं क्यानडाले पाठवून दिलं.

मी तुले दोष देऊन नाही राहिली. पोरीनं मान हलवली, हे मले समजते. तिले वाटलं असंन, मॅडमले हेच ऐकायचं आहे.

सांगायचं का नाही हे मले विचारू नोको. ठरवायचं तूबी नाही. जायचं तिले आहे, मेलेली आई तिची आहे. तिले विचार. पण विचारतांनी उत्तर तिच्या तोंडात देऊ नोको. ते तुले जमत नाही, लहानपनापासून.

बंडीचं माप तेच, जुनं. मी काही वाढली नाही.

इंदूमावशी


नागपूर,
२ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसं केलं. थिरीला विचारलं आणि गप्प बसले. गप्प बसणं किती अवघड असतं ते मला या वयात कळलं. तिने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी तिनेच विद्यापीठाला लिहिलं, मला न दाखवता. नंतर प्रत दिली. तीनच ओळी होत्या. माझी आई जिवंत आहे. मी रागाने खोटं बोलले होते. निबंधातली आई माझी नाही.

मी वेगळं पत्र लिहिलं. तिने सांगितलेलं मी तपासलं नाही, न सांगितलेलं मी घातलं, आणि कळल्यावर तीन महिने लपवलं, असं.

उत्तर सभ्य होतं. खरं कळवल्याबद्दल आभार मानले होते. प्रवेश ठेवतील, शिष्यवृत्ती ठेवता येणार नाही. म्हणजे काय ते तुला कळलंच. फलकावरचं तिचं नाव एका सकाळी नव्हतं. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘पुढच्या सत्रासाठी आम्ही दुसरी व्यवस्था बघतो आहोत.’ मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’ त्यांना वाटलं होतं मी काहीतरी बोलेन.

मला वाटत होतं खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. थिरी आता येत नाही. साडेचारला व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज येतो, दाराशी येतो आणि पुढे मेसकडे जातो. गोपिकाताईंजवळ बसून ती भाजी निवडते. एकदा मी तिकडे गेले तर ती उठून उभी राहिली, परक्या माणसासाठी उभं राहतात तशी. तिला मी काय देऊ केलं होतं आणि काय हातात आलं, याचा विचार करते. तिचा राग मला समजतो. तो कुठे ठेवायचा ते समजत नाही.

मे अखेर क्वार्टर सोडायचं आहे. मी तुझ्याकडे येत नव्हते याचं कारण वेळ हे नव्हतं. तुला ऐकू येत नाही म्हणून तू माणसाच्या तोंडाकडे फार बघतेस. मला ते झेपत नाही.

भावना


सावनेर,
१६ एप्रिल २०२५

भावना,
जयभीम.

थिरी आली होती. जयंतीच्या आदल्या दिवशी, एकटी, बसनं. कोनाले विचारून आली ते मी विचारलं नाही. गोपिकाबाईनं तिच्यासंग डबा दिला होता.

जयंतीले विहारात गेलो. निळी साडी मांगून नेसली पोरीनं, पिंकीची. घरी आल्यावर पाटीवर लिहिलं, ‘फोन दोगे?’ मी दिला. माह्या काय कामाचा तो. पिंकीनं बाहेरदेशचा नंबर लावून दिला आन् निघून गेली.

मी समोरच बसली होती. थिरी बोलाले लागली. मले काहीच ऐकू आलं नाही, आन् आलं असतं तरी त्यांची भाषा मले कुठं येते? पन पायत होती. पयले तिनं दोनच शब्द म्हटले आन् थांबली. तिकडूनबी कोनी बोलत नसंन, कारन दोघी थांबल्या असं तिच्या तोंडावरून दिसलं. मंग ती भांडली. हात वर करून भांडली, उभी राहून भांडली. मंग भिंतीले टेकून खाली बसली आन् नुसती ऐकत राहिली. तास झाला असंन. शेवटी ती हसली. थोडीशीच.

फोन ठेवून तिनं लिहिलं, ‘मां पूछती है, खाना कौन बनाता है.’

परीक्षा झाली का मे सोटले जाते म्हणे. मामांनी कागदपत्राचं पायलं. तिथं राहीन, का पुन्हा भांडून निघीन, मले ठाऊक नाही. तिलेबी नाही. मी म्हटलं, मॅडमले सांगू का? तिनं खांदे उडवले. नाही म्हटलं नाही.

तिच्या वतीनं तू आता कोनाले काही लिहू नोको. आन् मी तोंडाकडे पायते म्हणून कोनी येत नाही का वं? मी दुसरं पाहू तरी कुठं?

इंदूमावशी


मे सोट,
२० जुलै २०२५

मॅडम,
नमस्ते.

ही मराठी मी गोपिकाताईकडून शिकली. चूक असेल तर माफ करा. हिंदीत लिहिलं तर शाळेचं वाटेल म्हणून मराठीत लिहिते. तुमचा पत्ता मावशीने दिला.

मी पोहोचली. कोलकात्याहून विमान, मग बस. आई स्टँडवर आली होती. मी तिला ओळखली नाही. ती बारीक झाली. तिने पण मला ओळखली नाही, ती दुसऱ्या मुलीकडे पाहत होती. मग आम्ही दोघीच राहिलो स्टँडवर, तेव्हा कळलं.

तो माणूस आता नाही, सोडून गेला. आई एका खानावळीत स्वयंपाक करते. मी पण जाते सकाळी. आम्ही रोज भांडते. रात्री एकाच चटईवर झोपते. इथे एक कॉलेज आहे, बाहेरच्या देशातल्या मुलांना घेतं. अर्ज मी भरला, एकटी. पहिले थाई भाषा शिकावी लागेल.

नागपूर स्टेशनवर तुम्ही आल्या होत्या. पुलाजवळ, लांब उभ्या होत्या. मी पाहिलं. हात नाही हलवला. गाडी निघाली तेव्हा हलवणार होती, मग पूल गेला.

मी आईला तुमचं सगळं सांगितलं. चहा, निबंध, सगळं. आई मेली असं लिहिलं ते पण. ती हसली, मग रडली. मग विचारली, त्या मॅडमच्या घरी कोण कोण आहे? मला सांगता आलं नाही. इतके दिवस तुमच्याजवळ बसली. तुम्ही मला सगळं विचारलं. मी तुम्हाला एक पण नाही विचारलं.

आता विचारते. तुमच्या घरी कोण आहे?

थिरी


नागपूर,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय थिरी,

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. तुझी मराठी चांगली आहे.

माझ्या घरी कोणी नाही. हे वाक्य लिहायलाच इतके दिवस लागले.

माझं लग्न झालं होतं. अंकुश त्यांचं नाव. सहा वर्षांपूर्वी ते वेगळे राहायला लागले, आता पुण्याला असतात. मुलं झाली नाहीत. माझी आई मी नऊ वर्षांची असताना वारली. तिचे पाय मी चोळत होते, तुझ्या निबंधात होतं तसंच. ते पाय तिचे होते. तुला न विचारता मी ते तुझ्या नावावर लिहिले, आणि तुझी आई त्या जागी निजवली. तुझी आणि तुझ्या आईची मी क्षमा मागते. आईला हे तिच्या भाषेत सांग. तू सांगशील तसंच सांग, मी शब्द देत नाही.

आता मी मानकापूरला एका खोलीत राहते. आठवड्यातून तीन दिवस शेअर ऑटोने कामठीला जाते, तिथल्या कॉलेजात मुलींना अर्ज भरायला मदत करते. तिथे कोणी निबंध मागत नाही, फक्त दाखले मागतात. बाकीचे चार दिवस कोणी काही विचारत नाही. सवय होईल असं म्हणतात.

एक मावशी आहे, तुझीच. पावणेतीन वर्षं मी तिच्याकडे गेले नव्हते, असं तिने मोजून सांगितलं. मी मोजलं तर सव्वादोन भरतात, पण वाद घातला नाही. काल रविवार होता. काल गेले.

दार आतून लावलेलं होतं. मी वाजवलं. मग लक्षात आलं. खिडकीतून ती दिसत होती, पाठमोरी, शेंगा सोलत बसलेली. मी हाक मारली. दोनदा मारली, कोणी ऐकणार नाही हे माहीत असून. परत जावं असं वाटलं, बसही समोर उभी होती. मग तिथेच पायरीवर बसले. ऊन सरकत माझ्या गुडघ्यांवर आलं. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने विचारलं, कोणाकडे? मी सांगितलं, माझ्या मावशीकडे.

तासाभराने पिंकी क्लासहून आली आणि मागच्या दाराने आत गेली. पुढचं दार उघडलं तेव्हा मावशी तिच्यामागे उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान खाली घातली नाही.

‘कधीची बसून आहे वं इथं?’

मी म्हटलं, ‘आत्ताच आले.’

तिला ऐकू येत नाही, थिरी. तरी म्हणाली, ‘खोटं नोको बोलू. आत ये.’

तुझी,
भावना